पहिली प्राइम लेन्स: ३५ की ५०? डी ५३०० वरच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

हाताशी असलेलं सामान: निकॉन डी ५३००, तिच्याबरोबर आलेली १८-५५ किट लेन्स आणि घराबाहेर न पडणारा एक ट्रायपॉड. घ्यायची आहे ती प्राइम, म्हणजे झूम नसलेली, एकाच मिमीची लेन्स: ३५ किंवा ५०. मिमी वाढले की नजर अरुंद होते. बजेट दहा हजार. लेन्स, हूड (लेन्सच्या तोंडावरची कडी), जाण्यायेण्याचा खर्च, सगळं त्यातच बसवायचं.

फोटो रोजचेच काढायचे आहेत. कोल्हापुरात मंगळवार पेठेतलं आमचं घर, गल्ली, कपिलतीर्थ मंडई, लेकीचा अभ्यास, सासूबाईंचा स्वयंपाक. लग्नाच्या ऑर्डरी घेत नाही, पक्ष्यांच्या मागेही जात नाही.

काल दसरा चौकात किट लेन्सने हात टेकले. सोनं लुटायची वेळ सूर्य मावळतानाची, आणि ५५ वर ही लेन्स एफ/५.६ पेक्षा जास्त उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान, तितकं प्रकाशाचं छिद्र मोठं). आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदना) ६४०० ठेवूनही शटर १/३० सेकंदावर आलं. आपट्याच्या पानांवर झेपावणारे हात फोटोत नुसते फराटे होऊन आले. एफ/१.८ ची लेन्स असती तर तेवढ्याच उजेडात जवळजवळ दहापट प्रकाश आत आला असता.

विचारावं तो म्हणतो, "पन्नास घे की, डोळं झाकून." सल्ला जुना आहे आणि फिल्म कॅमेऱ्यावर तो बरोबरही होता. पण माझ्या कॅमेऱ्याचा सेन्सर फिल्मच्या चौकटीपेक्षा दीडपट लहान आहे, त्यामुळे त्यावर ५० ची नजर ७५ सारखी अरुंद होते. म्हणून डोळे उघडे ठेवूनच घ्यायचं ठरवलं.

२० ऑक्टोबर

खर्च करण्याआधी जुने फोटो तपासले. प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये तो किती मिमीवर काढला याची नोंद असते. एक्झिफटूल हा फुकटचा प्रोग्राम अख्ख्या फोल्डरची यादी काढून देतो, ती एक्सेलमध्ये टाकली. लाइटरूम असेल तर तिथल्या मेटाडेटा फिल्टरमध्ये एका क्लिकवर हेच दिसतं.

पहिल्या नजरेत निकाल विचित्र वाटला. १८ वर ढीग, ५५ वर ढीग, मध्ये विरळ. त्यावरून ५० घ्यावी असंच कुणीही म्हणेल. मग ५५ वाले फोटो एकेक करून उघडले. बहुतेक ठिकाणी रिंग फिरवत शेवटाला नेऊन सोडलेली होती. जवळ जायचा कंटाळा, दुसरं काही नाही. नंतर क्रॉप केलेले तर कितीतरी. टोकाचे आकडे हे रिंग कुठे अडते ते सांगतात, आपल्याला किती मिमी लागतं ते सांगत नाहीत. दोन्ही टोकं वगळली तर उरलेल्यातले निम्म्याहून जास्त फोटो २८ ते ४० च्या मध्ये पडले.

१८ चा ढीग मात्र खरा आहे. ते फोटो घरातले आहेत, कारण मागे सरकायला भिंत आडवी येते.

२४ ऑक्टोबर

आता झूम ३५ वर पक्की करून फिरायचं, मग ५० वर. आधी इलेक्ट्रिकची काळी चिकटपट्टी लावली. दुपारच्या उन्हात तिचा गोंद सुटला, रिंग ४० च्या पुढे सरकली आणि मंडईतले फोटो चाचणीच्या दृष्टीने वाया गेले. गोंद पुसायला खोबरेल लागलं ते वेगळंच. त्यानंतर सायकलच्या जुन्या ट्यूबची रुंद कडी कापून रिंग आणि नळी या दोन्हींवर चढवली. ती हलत नाही, डागही पाडत नाही. ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी थेट ट्यूबच वापरावी.

शिवाय मोजपट्टीने एक हिशेब केला. या सेन्सरची रुंदी २३.५ मिमी. समोरच्या वस्तूचं अंतर फुटांत घ्यायचं, त्याला २३.५ ने गुणायचं, लेन्सच्या मिमीने भागायचं. जितके फूट येतील तितकी रुंदी फोटोत मावते.

आमच्या स्वयंपाकघरात दारापासून ओट्यापर्यंत आठ फूट. ५० लावली की पावणेचार फूट दिसणार, म्हणजे शेगडी आणि सासूबाईंचा एक खांदा. ३५ ला पाच फुटांच्या थोडं वर, त्यात शेगडी, परात आणि अख्ख्या सासूबाई येतात. साडेपाच फुटी माणूस उभ्या फोटोत डोक्यापासून पायापर्यंत घ्यायचा तर ५० ला जवळजवळ बारा फूट मागे जावं लागतं, ३५ ला आठ. आमची गल्ली दहा फुटी आहे, त्यात एका बाजूला गाड्या लावलेल्या. बारा फूट मागे जायचं म्हणजे समोरच्यांच्या सोप्यात शिरायचं.

२७ ऑक्टोबर, रविवार

आकडेमोडीवर विसंबून दहा हजार घालवायचे नव्हते, म्हणून खरी ५० हातात घेऊन बघितली. मामेभाऊ, आमचा दादा, लग्नाच्या ऑर्डरी करतो, त्याच्याकडून जुनी एएफ ५०/१.८ डी आणली. त्याच्या डी ७२०० वर ती चालते. माझ्या कॅमेऱ्यावर चढवली, तर आधी मागच्या पडद्यावर एफईई अशी अक्षरं आली आणि शटर पडेना. अशा जुन्या लेन्सवर अ‍ॅपर्चरची (प्रकाश आत येतो त्या छिद्राची) वेगळी रिंग असते. ती २२ वर नेऊन लॉक केल्याशिवाय बॉडी, म्हणजे कॅमेरा, पुढे सरकत नाही. लॉक केली, तर फोकस हलेना.

दादाला फोन केला. "स्क्रूवाली आहे गं ती. तुझ्या बॉडीत मोटारच नाही."

हे नीट लिहून ठेवते, कारण स्वस्तात मिळते म्हणून ही लेन्स घेणारे पुष्कळ आहेत. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० मालिकेतल्या बॉड्यांत फोकसची मोटार नसते. त्यांना लेन्सच्या नावात एएफ-एस असलेलीच हवी, किंवा बॉडी नवी असेल तर एएफ-पी. नुसतं एएफ असेल तर फोकस हाताने. डी ९० आणि डी ७००० मालिकेत मोटार आहे, तिथे जुन्या लेन्सही चालतात. कॅननवाल्यांना ही भानगड नाही, ईएफ लेन्समध्ये मोटार आधीपासूनच असते.

हाताने फोकस करत दिवाळीच्या चकल्या टिपल्या. व्ह्यूफाइंडरच्या कोपऱ्यातला हिरवा ठिपका फोकस जमला की स्थिर होतो, त्याचा आधार घेतला. तळणातून वर येणारी चकली सुंदर आली, बुडबुडेसुद्धा मोजून घ्यावेत असे. पण चकली आणि ती काढणारा चेहरा एका फोटोत घ्यायला मागे जाता जाता मी बाहेरच्या खोलीत पोचले आणि मध्ये दाराची चौकट आली. सासूबाई म्हणाल्या, "फोटो काढायलीस का घर सोडून चाललीस?"

माझ्यापुरता ५० चा निकाल इथेच लागला. लेन्स वाईट नाही, चेहऱ्यांना तर फारच गोड आहे. ज्यांचं घर ऐसपैस आहे किंवा जे रंकाळ्याच्या काठावर माणसं टिपतात त्यांनी तीच घ्यावी.

३ नोव्हेंबर, भाऊबीज

दादाची ५० त्याच्या हातात परत दिली. ओवाळणीचं पाकीट याच खात्यात जमा.

३५ च्या आसपास, माझ्या बॉडीवर ऑटोफोकस होईल असं काय काय आहे ते बघितलं. मुख्य नाव एएफ-एस डीएक्स ३५/१.८ जी. २००९ मध्ये आलेली, वजन २०० ग्रॅम, ३० सेंटिमीटरपर्यंत जवळ जाता येतं, फिल्टरचं माप ५२. माझ्या किट लेन्सचंही ५२ च आहे, त्यामुळे झाकण एकमेकांना चालतं. एएफ-एस ५०/१.८ जी ला मोटार आहे, पण ती ४५ सेंटिमीटरच्या आत येत नाही आणि अरुंदपणाची अडचण तीच. डीएक्स मायक्रो ४०/२.८ वर मन बराच वेळ अडकलं होतं, कारण ती १६ सेंटिमीटरपर्यंत जवळ जाते आणि रांगोळीचा दाणा अन् दाणा टिपते. पण एफ/१.८ च्या तुलनेत तिच्यात निम्म्याहून कमी प्रकाश येतो, आणि मी मुळात अंधाराला कंटाळून निघाले आहे.

एक फसगत होण्यासारखी जागा. निकॉनची एएफ-एस ३५/१.८ जी ईडी नावाची दुसरी लेन्स आहे, २०१४ ची, मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यांसाठी. ती वजनदार आणि कितीतरी महाग. जाहिरातींत दोन्हींची नावं सर्रास एकमेकांत मिसळलेली असतात. नावात डीएक्स आहे का आणि फिल्टर ५२ चा आहे का, एवढं बघायचं. दुसरीला ५८ लागतो.

कॅननच्या लहान सेन्सरवाल्यांसाठी याच कामाला ईएफ-एस २४/२.८ एसटीएम आहे. अवघी १२५ ग्रॅम, बिस्किटासारखी चपटी. त्यांच्या ५०/१.८ एसटीएमचा गवगवा जास्त आहे, पण ती त्या बॉडीवर ८० सारखी दिसते. म्हणजे स्वयंपाकघराचा प्रश्न त्यांनाही सुटत नाही.

नवी ३५ बजेटबाहेर जाते. जुनी सात ते नऊ हजारांत मिळते असं दिसलं.

९ नोव्हेंबर

पहिली जुनी लेन्स बघून आले आणि सोडून दिली. जाहिरातीत "एकदम नव्यासारखी". बाहेरून खरंच तशी होती. जी प्रकारच्या लेन्सला अ‍ॅपर्चरची रिंग नसते, म्हणून मागच्या बाजूची बारीक पट्टी बोटाने हळूच सरकवून छिद्राची पाती उघडायची आणि मोबाइलची टॉर्च तिरकी धरून आत बघायचं. सरळ धरली तर काही कळत नाही. मागच्या भिंगाच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे तंतू पसरले होते. बुरशी.

विक्रेता म्हणाला, "फोटोत काय दिसत न्हाई ताई त्ये." बरोबर आहे, आज दिसत नाही. पण आपल्याकडचा पावसाळा लक्षात घेता पुढच्या दसऱ्यापर्यंत दिसेल. दीड हजार कमी करतो म्हणाला, तरी नको म्हटलं. परतताना महाद्वार रोडवर किरणोत्सवाची गर्दी होती, घरी पोचायला रात्र झाली. हाती काहीच नाही.

१३ नोव्हेंबर

इचलकरंजीच्या एका मुलाकडून लेन्स घेतली. ७,२०० रुपये, एचबी-४६ हूड आणि दोन्ही झाकणांसह. एसटीला बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे प्रवासखर्च नावापुरता.

स्टँडवरच्या कॅन्टीनमध्ये बसून तपासली. टॉर्चखाली भिंग स्वच्छ, धुळीचे दोन कण, त्यांचं काही वाटत नाही. पातींवर तेलाचा ओघळ नाही. पुढच्या आट्यांना ठोका नाही. माउंटभोवतीची (कॅमेऱ्यात बसते त्या बाजूची) काळी रबरी कडा शाबूत. मग माझ्या बॉडीवर लावून एफ/१.८, ४, ८ आणि १६ वर कॅन्टीनच्या भिंतीचे फोटो काढले. चारही फोटोंचा उजेड सारखा हवा. बारीक अ‍ॅपर्चरचे फोटो जास्त उजळ आले तर पाती अडकत आहेत असं समजायचं. सारखे आले. फोकसची मोटार बारीक कुरकुर करते, ते या लेन्सचं नेहमीचंच आहे म्हणे.

त्या मुलाने एक यूव्ही फिल्टर "असाच ठेवा ताई" म्हणून लावून दिला.

१५ नोव्हेंबर, त्रिपुरारी पौर्णिमा

पहाटे पंचगंगा घाट. पायऱ्यापायऱ्यांवर पणत्या, रांगोळ्या, बाकी मिट्ट काळोख. किट लेन्स इथे खिशातूनसुद्धा काढली नसती. ३५ वर एफ/१.८, आयएसओ १६००, शटर १/१२५. आकडे बघूनच बरं वाटलं.

घरी येऊन मोठ्या पडद्यावर उघडले तेव्हा दोन गोष्टी बिघडलेल्या दिसल्या.

पहिली: प्रत्येक पणतीची एक हिरवट भुताटकी फ्रेमच्या विरुद्ध बाजूला तरंगत होती. पणती डावीकडे खाली असेल तर भूत उजवीकडे वर. हा त्या फुकटच्या फिल्टरचा प्रताप. सपाट काच आणि सेन्सर यांच्यात ज्योतीचं प्रतिबिंब उलटसुलट फिरतं. चांगल्या लेपाच्या फिल्टरमध्ये ते कमी होतं, स्वस्तात नाही. फिल्टर काढून टाकला. धक्क्यापासून बचावायला हूड पुरेसा आहे.

दुसरी: पणती लावायला वाकलेल्या एका पोरीचा फोटो. चेहऱ्यावर खालून आलेला पिवळा उजेड, ओठ घट्ट मिटलेले, सगळं मनासारखं. आणि फोकस तिच्या बांगडीवर. एफ/१.८ ला एक मीटरवर जेमतेम सहा सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो, मनगट आणि डोळे यांतलं अंतर त्याहून कितीतरी जास्त. शिवाय कॅमेरा ऑटो-एरियावर होता, म्हणजे फोकस कुठे धरायचा ते तोच ठरवत होता. तो जवळचं आणि चकाकतं ते पकडतो.

सूर्य उगवेपर्यंत एकच फोकस पॉइंट आणि एफ/२.८ वर आले असते तर ती पोरगी हाती लागली असती. आता त्रिपुरी पुढच्या वर्षी.

१७ नोव्हेंबर

लेन्सचा फोकसच पुढे-मागे पडतो का, ही शंका राहू नये म्हणून चाचणी. जेवणाच्या टेबलावर लेकीची फूटपट्टी तिरकी टेकवली, मधल्या १५ च्या आकड्यावर फोकस, एफ/१.८, ट्रायपॉड, सेल्फ-टायमर. आधी व्ह्यूफाइंडरमधून, मग लाइव्ह व्ह्यूमधून. लाइव्ह व्ह्यूत कॅमेरा थेट सेन्सरवरचं चित्र बघून फोकस करतो, म्हणून तो फोटो प्रमाण धरायचा. दोन्हींत फरक दिसला तर लेन्स आणि बॉडीचं जमत नाही असं समजायचं. डी ५३०० मध्ये फोकसची बारीक दुरुस्ती करायची सोय नाही, त्यामुळे फरक निघाला असता तर सर्व्हिस सेंटरची वारी ठरलेली होती.

मधल्या पॉइंटला फरक नाही. कडेच्या पॉइंटांना कमी उजेडात गडबड होते. ३९ पॉइंटांपैकी मधले ९ च क्रॉस प्रकारचे आहेत, म्हणजे आडव्या आणि उभ्या दोन्ही रेषा ओळखणारे. अंधारात त्यांच्यावरच भिस्त ठेवायची.

२४ नोव्हेंबर

संध्याकाळी गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर. म्हशी उभ्या, समोर धार काढून फेसाचा ग्लास हातात. अशा ठिकाणी ३५ चं चीज होतं. म्हैस, धार काढणारे मामा आणि ग्लास धरून थांबलेला माणूस, तिघं एका फ्रेममध्ये येतात आणि मला रस्त्यावर उतरावं लागत नाही.

पण १/२५० वर काढलेल्या फोटोंत आडवे काळपट पट्टे आले. कट्ट्यावर एलईडीच्या ट्यूब आहेत. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणून स्वस्त एलईडी सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होतात. डोळ्याला ते कळत नाही, वेगवान शटरला कळतं. शटर १/१०० वर आणलं की एक पूर्ण फेरा आत येतो आणि पट्टे जातात. नव्या आणि महाग बॉड्यांत यावर वेगळी सोय असते, माझ्यात नाही. १/१०० ला धार काढणारा हात थोडा हलतो. हलू दे, धारच ती.

मग ग्लासाजवळ ३० सेंटिमीटरवर गेले. एफ/१.८ ला फक्त अर्ध्या सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट, ग्लासाची पुढची कड दिसते आणि फेस विरघळून जातो. एफ/५.६ ला फेसातली लहानमोठी छिद्रं, कडेवरून ओघळलेला थेंब आणि ग्लासावरचा अंगठा, सगळं आलं. ग्लास धरलेल्या आक्का म्हणाल्या, "काढलास का? पितो मी आता, गार व्हायला लागलंय."

८ डिसेंबर

पंचगंगेपलीकडच्या एका गुऱ्हाळावर. छपराखाली धूर, काहिलीतून वाफ, बाहेर रखरखीत ऊन. आत शिरताच पुढचं भिंग धुरकट झालं, पुसलं की पुन्हा. कॅमेरा बॅगेत बंद ठेवून बॅगच तासभर छपराखाली ठेवली, लेन्स आतल्या हवेइतकी कोमट झाली, मग त्रास थांबला. पुसत बसण्यात सकाळचा चांगला उजेड गेला.

गुळव्या काहिलीतला रस थेंब-थेंब पाण्यात टाकून चाचणी बघत होता, ते एफ/२.२ वर मिळालं. अख्खी काहील आणि भोवतीची माणसं मात्र ३५ मध्ये बसली नाहीत, तिथे किटच्या १८ ला पर्याय नाही. त्यामुळे किट लेन्स विकून दीड-दोन हजार सुटतील हा बेत रद्द.

छपराच्या कडेला उन्हात चमकणाऱ्या पत्र्यावर एफ/१.८ ला जांभळी किनार येते. फोकसच्या मागे असेल तर हिरवी. एफ/४ ला जवळजवळ नाहीशी होते. या वर्गातल्या बहुतेक लेन्सची ही खोड आहे, भर उन्हात १.८ वापरायचं कारणही नसतं. सरळ भिंतीच्या रेषा किंचित फुगतात, त्यासाठी कॅमेऱ्यातलं ऑटो डिस्टॉर्शन कंट्रोल चालू करून ठेवलं.

२२ डिसेंबर

हिशेब: लेन्स ७,२००. हवेचा फुगा आणि ब्रश ३२०. एसटी आणि चहा १४०. रबरी कडेचा हवाबंद डबा आणि सिलिका जेल ४१०. एकूण ८,०७०. ओवाळणी वजा केली तर आणखी कमी, पण ती मोजत नाही.

कॅमेऱ्यात कायम ठेवलेली मांडणी: ए मोड (छिद्र मी ठरवायचं, शटर कॅमेऱ्याने), घरात एफ/२.२ ते २.८, बाहेर ५.६. ऑटो आयएसओ, कमाल ३२००, किमान शटर १/१२५, कारण या लेन्सला व्हीआर (हाताचा हिसका सावरणारी सोय) नाही आणि लेक एका जागी बसत नाही. ट्यूबलाइटखाली तेच १/१००. फोकस पाठीवरच्या एईएल-एएफएल बटणावर टाकला, शटरवर नुसता फोटो. सवय व्हायला वेळ लागला, आता सासूबाईंच्या हाती कॅमेरा दिला की त्यांचे फोटो बिघडतात, त्यांच्यासाठी परत बदलावं लागतं.

डबा ओट्यापासून लांब, कपाटात वरच्या फळीवर. जेल निळ्या दाण्यांची घेतली आहे, ओल धरली की गुलाबी होते आणि मंद आचेवर परतली की पुन्हा निळी. तिचा निळा रंग पोटात जाण्यासारखा नसतो, म्हणून परतायला एक जुनी कढई वेगळी काढून तिच्या कानाला लाल दोरा बांधला आहे.